सर्प ओळख समितीचा अजगर

कोणत्याही गोष्टीला नाव दिल्याखेरीज माणसाला तिच्यापासून नीट पळता येत नाही. नुसतं पळणं ही घबराट झाली, ‘नाग! नाग!’ असं ओरडत पळणं हे ज्ञान होय. पळण्याचा वेग दोन्हींत सारखाच असतो, पण ज्ञानी माणूस थांबल्यावर चार लोकांना माहिती देऊ शकतो. आमच्या वसाहतीला हा फरक फार लवकर उमगला, याचा मला अभिमान आहे.

आमची वसाहत म्हणजे समोरासमोर दोन रांगांत बावीस बैठी घरं. प्रत्येक घरामागे छोटं अंगण, अंगणामागे कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे कमरेएवढं गवत माजलेला मोकळा माळ. या माळावर उंदीर आहेत, बेडूक आहेत, आणि या दोघांवर ज्यांचं पोट चालतं तेही आहेत. ते अधूनमधून भिंत ओलांडून इकडे येतात. (त्यांच्या बाजूने पाहिलं तर आम्हीच भिंत बांधून मध्ये आलो आहोत, पण त्यांनी अद्याप लेखी हरकत घेतलेली नाही.)

समितीच्या स्थापनेला निमित्त झाले शिंपीकाका. एका दुपारी त्यांना दंतवैद्यांच्या अंगणात हिरवागार, दहा हात लांबीचा साप दिसला. काका तसे शांत स्वभावाचे, पण हातात लाकडी गज होता. त्यांनी त्या सापाला तीन ठिकाणी ठेचलं. तिन्ही ठिकाणांहून पाणी उडालं. ती बागेला पाणी घालायची नळी होती आणि नळ चालू होता. काका नखशिखान्त भिजले, दंतवैद्यांच्या अबोलीच्या रोपांना आठवड्याचं पाणी एका दिवसात मिळालं, आणि त्याच संध्याकाळी भरलेल्या सभेत ‘सर्प ओळख व वर्गीकरण समिती’ एकमताने अस्तित्वात आली.

अध्यक्ष म्हणून दंतवैद्यांची निवड झाली. विषारी आणि बिनविषारी यांतला खरा फरक दातांत असतो, आणि दातांवर आमच्याकडे त्यांच्याइतका अधिकार कुणाचा नाही. लांबी मोजता येते म्हणून शिंपीकाका सदस्य झाले. कोणता प्राणी कुठे आढळतो हे शाळेत शिकवत असल्याने भूगोलबाई सदस्य झाल्या. आणि मी चिटणीस. मी एकतीस वर्षं वजनमापांच्या कार्यालयात दुकानदारांची वजनं तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही (घरातलं काही आमची ही मला तपासू देत नाही), त्यामुळे समितीचं रजिस्टर माझ्याकडे आलं तेव्हा मला अगदी नोकरीत परतल्यासारखं वाटलं.

पहिल्याच बैठकीत ‘नमुना स.ओ.–१’ तयार करण्यात आला. हा तेवीस प्रश्नांचा अर्ज. साप दिसल्यास घरमालकाने तो भरून तीन प्रतींत सादर करायचा. त्यातले काही प्रश्न फार विचारपूर्वक बनवले होते. उदाहरणार्थ, प्रश्न ९ : डोळ्याची बाहुली गोल की उभी? (सापाच्या समपातळीवर पडून पाहावे.) प्रश्न १४ : शेपटीखालील खवले एकेरी की दुहेरी? (साप उलटा करून पाहावे व पुन्हा सुलटा करावा.) प्रश्न १७ : डोके त्रिकोणी आहे काय? यावर भूगोलबाईंनी कंपासपेटीतला कोनमापक समितीला भेट दिला. प्रश्न २२ : साप चावला काय? असल्यास उर्वरित प्रश्न शक्य तितक्या लवकर भरावेत. शेवटी अर्जदाराची सही. सापाच्या अंगठ्याचं काय, असा प्रश्न शिंपीकाकांनी गंभीरपणे विचारला, तेव्हा ‘लागू नाही’ अशी टीप घालण्यात आली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तीनशे प्रती काढून आणल्या.

समितीच्या पहिल्या अकरा महिन्यांचं काम मी रजिस्टरमधून जसंच्या तसं देतो. एकूण सर्पदर्शनं अठ्ठावन्न. पैकी पाण्याच्या नळ्या एकोणीस, दोऱ्या व नाड्या अकरा, कमरेचे पट्टे सात, सायकलच्या ट्यूब चार, पालीच्या तुटलेल्या शेपट्या दोन, आणि भूगोलबाईंची वेणी एक. (त्या भिंतीला टेकून केस वाळवत होत्या. हा अर्ज त्यांच्याच सूचनेवरून दप्तरी दाखल करून बंद करण्यात आला.) राहिले खरे चौदा. त्यांतले नऊ समिती पोचण्याआधी निघून गेले. रजिस्टरात ‘चौकशीस गैरहजर’ असा शेरा आहे. एक नुसती कात होती, मालक बेपत्ता. उरलेल्या चारही सापांना समितीने नाग ठरवलं. त्यांतल्या एकालाही फणा नव्हता, पण अध्यक्षांच्या मते तो त्यांनी आमच्यासमोर काढला नाही इतकंच.

हे यश पाहून दंतवैद्यांचा अभ्यास वाढला. ते मोबाईलवर आलेली सापांची चित्रं दवाखान्यात रुग्णांना दाखवू लागले. रुग्णाचं तोंड उघडं असल्याने शंका कुणी विचारत नसे. माणूस मनाने फार चांगला. कुणाकडे दुखलंखुपलं तर पहिला धावून येणारा. फक्त एक मत दिलं की ते मागे घेणं त्यांना जमत नसे. एखादा दात उपटल्यावर तो परत बसवत नाहीत, तसं काहीसं.

आता मुख्य हकीकत.

थंडीचे दिवस होते, महिन्याची चार तारीख, सकाळचे साडेनऊ. आमची ही धुतलेल्या कपड्यांची बादली आणि वाळत घालायची काठी घेऊन मागच्या अंगणात गेली आणि लगेच उलट्या पावली परत आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “अहो, धुण्याच्या दगडाशेजारी ऊन खात बसलंय.”

“कोण?”

“मी नाव विचारलं नाही.”

मी नमुना स.ओ.–१ काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणालो, “प्रश्न पहिला. अर्जदाराचं पूर्ण नाव.”

तिने माझ्याकडे जसं पाहिलं, त्यासाठी आमच्या अर्जात रकाना नाही. “तुमचं लिहून होईपर्यंत मी ओले कपडे घेऊन उभी राहू का?”

समितीला फोन गेले. दहा मिनिटांत दंतवैद्य आले, शिंपीकाका गळ्यात टेप घालून आले, भूगोलबाई कोनमापक घेऊन आल्या, आणि बावीस घरांतली पंधरावीस माणसं आमच्या स्वयंपाकघरातून चपला न काढता मागे गेली. दगडाजवळ वाळक्या पानांचा ढीग होता. त्यावर जाड, तपकिरी, अंगावर गडद डाग असलेलं वेटोळं पडलं होतं. हलत नव्हतं.

दंतवैद्यांनी पाच हातांवरून पाहिलं. मग चार हातांवरून. त्यांचा चेहरा उजळला.

“अजगर!” ते म्हणाले. “पिल्लू आहे. बघा कसं लठ्ठ आणि सुस्त. संपूर्ण बिनविषारी.”

वसाहतीच्या इतिहासात प्रथमच नागाव्यतिरिक्त काही निघालं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच हातांवर उभे असलेले तीन हातांवर आले. नाव कळलं की अंतर कमी होतं, हा समितीचा सगळ्यात ठळक परिणाम म्हणावा लागेल. मी रजिस्टरमध्ये शाईने लिहिलं : ‘अजगर (लहान), नग एक.’

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रजिस्टरला मागच्या बाजूने सापांच्या चित्रांचा एक तक्ता चिकटवलेला होता. लिहून झाल्यावर पान उलटताना तो माझ्या नजरेस पडला. त्यात अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, फाटक्या कागदाच्या तुकड्यांसारखे होते. पानांवर बसलेल्या सापाच्या पाठीवरचे डाग लांबट गोल, एकामागोमाग एक, साखळीच्या कड्यांसारखे ओळीने लागलेले होते. तसं चित्रही तक्त्यात होतं, पण ते अजगराच्या खाली होतं आणि त्याचं नाव दुसरं होतं. एकतीस वर्षं मी पाच ग्रॅमचा फरक पकडत आलो. हा फरक मला दिसला. पण रकाना शाईने भरला होता, खाडाखोड केली तर शेजारी आद्याक्षरी करावी लागते, आणि अध्यक्ष इतके खुशीत होते. मी पान मिटलं.

तेवढ्यात वेटोळ्यातून आवाज आला. मोठा, लांबलचक, वाफ सुटल्यासारखा.

“माझा कुकर तर बंद आहे,” ही म्हणाली.

“श्वास घेतोय,” दंतवैद्यांनी खुलासा केला. “थंडीमुळे नाक चोंदलं असणार.”

भूगोलबाईंनी हळूच कोनमापक पर्समध्ये ठेवला. शिंपीकाका टेप उलगडून तयार होते, पण साप गोल बसलेला असल्याने छाती मोजावी की उंची, हे त्यांना ठरवता येईना. मग अध्यक्षांनी जाहीर केलं की ते स्वतः अजगराला उचलतील, काका लांबी घेतील आणि त्या क्षणाचा एक फोटो काढला जाईल. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, कवळीच्या तक्त्याशेजारी, एक मोकळा खिळा बरेच दिवस होता.

त्यांनी बाह्या दुमडल्या. फोटोत काचा चमकतात म्हणून चष्मा काढून माझ्याकडे दिला. आणि चष्म्याविना, डोळे बारीक करून, दोन्ही हात पुढे करत ते त्या सापाला म्हणाले, “घाबरू नकोस हं. अजिबात दुखणार नाही.” हे वाक्य ते दिवसातून वीस वेळा उच्चारतात, आणि आजवर त्यावर कुणाचाही विश्वास बसलेला नाही.

आमचा विजेचा मीटर मागच्या भिंतीवर आहे. दर महिन्याच्या चार तारखेला मीटरवाल्या बाई बाजूच्या फाटकातून येतात, आकडा टिपतात आणि जातात. त्या फाटकातून आत आल्या, गर्दी पाहिली, गर्दीच्या पायांमधून पानांचा ढीग पाहिला, आणि जागच्या जागी थांबल्या.

“साहेब,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हात आहे तिथंच थांबवा. आता मागं या. सावकाश.”

दंतवैद्यांनी वळून पाहिलं. चष्मा नसल्याने त्यांना फक्त एक निळी साडी दिसली असावी. “आपण कोण?”

“मीटर.”

“बाई, समितीचा निर्णय झालेला आहे. हा अजगर आहे.”

“निर्णय असू दे. तिला कळवलाय का?”

“तिला?”

“घोणस आहे ती, साहेब. मागं या.”

घोणस हा शब्द ऐकल्यावर पंधरावीस माणसं एकदम मागे सरकली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दारात अडकली. फक्त दंतवैद्य हलले नाहीत. ते भ्यालेले नव्हते. एक मत दिल्यावर मागे कसं जायचं, हेच त्यांच्या पायांना ठाऊक नव्हतं. वेटोळं आवळलं. पुन्हा तो वाफेचा आवाज आला, या वेळी न थांबता. तेव्हा आमच्या हिने बादली सोडली, दंतवैद्यांची कॉलर मागून दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. अध्यक्ष ओल्या कपड्यांवर पाठीवर आदळले, आणि त्याच क्षणी त्यांचा हात जिथे होता तिथून काहीतरी सपकन गेलं आणि परत वेटोळ्यात बसलं. इतक्या झटक्यात, की जे तिथे होते त्यांतले निम्मे आजही म्हणतात की काही झालंच नाही.

मी कुठे होतो? मी चष्मा सांभाळत होतो.

मीटरवाल्या बाईंनी सगळ्यांना दूर उभं केलं, स्वतः सापावर नजर ठेवून लांब फाटकापाशी उभ्या राहिल्या, आणि फोन लावला. “ये. पाठीमागच्या अंगणात. पाईप आण.” वाट बघताना भूगोलबाईंनी त्यांना विचारलं, “एवढ्या लांबून तुम्ही ओळखलंत कसं?”

“मी ओळखत नाही हो,” बाई म्हणाल्या. “दिवसाला शंभर पेट्या उघडायच्या, आत काय बसलंय ते दिसत नाही. म्हणून आधी काठीनं ठोकते. लठ्ठ वेटोळं दिसलं की घोणस समजते, काळं दिसलं की मण्यार समजते. धामण निघाली, अजगर निघाला, तर माझं काय गेलं?”

या पद्धतीत अर्ज नाही, प्रती नाहीत, मतदान नाही. शास्त्रीय दृष्ट्या ती फारच ढोबळ आहे. बाई अठरा वर्षं त्या पद्धतीवर जिवंत आहेत, एवढाच काय तो तिच्या बाजूचा पुरावा.

वीस मिनिटांत सर्पमित्र आला. म्हणजे कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. त्याच्याकडे लांब आकडा होता, पाईप होता, कापडी पिशवी होती, आणि बोलण्याची घाई नव्हती. त्याने आकड्याने सापाला नुसती दिशा दाखवली, साप अंधार बघून पाईपात शिरला, पाईपातून पिशवीत गेला, पिशवीचं तोंड बांधलं गेलं. चार मिनिटं. तिला वनखात्याच्या माणसांकडे द्यायला निघताना त्याची नजर माझ्या हातातल्या अर्जावर पडली.

“हा तर मीच काढून दिला होता की.”

“मग तुम्ही साप पकडता हे कधी बोलला नाहीत?”

“तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही विचारायचात, पाठपोट काढू की एका बाजूला.”

गर्दी पांगली. दंतवैद्य मात्र आमच्या पायरीवर बसून राहिले. शर्टाला साबणाचं पाणी, एका खांद्यावर माझा ओला बनियन. हिने पाण्याचा तांब्या आणून दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, जणू मी शेजारी नव्हतोच, “वहिनी, खरंच जवळ होता का हो हात?”

“वीतभर,” ही म्हणाली.

ते उजव्या हाताकडे बघत राहिले. मी त्यांना चष्मा दिला. तो लावून त्यांनी पुन्हा हात बघितला. मग उठले आणि घरी गेले. दवाखाना दोन दिवस बंद होता. पाटीवर ‘हाताच्या विश्रांतीसाठी’ असं लिहिलं होतं, आणि माझ्या मते त्यांनी आजवर केलेलं ते सर्वांत अचूक निदान होतं.

घरात आल्यावर हिने मला एकच विचारलं. “तुम्हाला दिसलं होतं ना?”

मी म्हणालो, “काय?”

“पान मिटताना तुमचा चेहरा मी बघत होते.”

मी एकतीस वर्षं दुकानदारांच्या तोंडून हरतऱ्हेची कारणं ऐकली आहेत. त्यांतलं एकही मला आठवलं नाही. “दिसलं होतं,” मी म्हणालो. पुन्हा खळबळून काढलेल्या कपड्यांची बादली तिने माझ्यापुढे सरकवली आणि वाळत घालायची काठी हातात दिली. तेव्हापासून आमचे कपडे मी वाळत घालतो. आधी काठीने दगड ठोकतो, पानं हलवतो, मग पुढे जातो. सुरुवातीला शेजारी हसले. आता बावीसपैकी सतरा घरांतून सकाळी ठकठक ऐकू येते. (उरलेल्या पाचांनी कपडे गच्चीवर नेले.) वाळक्या पानांचे ढीगही कुणी ठेवत नाही. गेल्या सहा महिन्यांत एकही अर्ज आलेला नाही, त्यामुळे समितीचं काम ठप्प आहे, ही खेदाची बाब.

पण त्या आठवड्यात बैठक झाली ती झालीच. दंतवैद्य आले होते. रजिस्टरमधल्या ‘अजगर’ या नोंदीचं काय करायचं यावर दोन तास चर्चा चालली. खाडाखोड करून आद्याक्षरी करायला मी तयार होतो, तसं बोललोही. पण एकदा नोंद झालेला साप बदलण्याची तरतूद नियमांत नव्हती. शेवटी पुढील ठराव बहुमताने मंजूर करण्यात आला : ‘चार तारखेस आढळलेला प्राणी अजगरच होता, तथापि त्या दिवशी त्याने घोणशीप्रमाणे वर्तन केले, याची ही समिती गंभीर दखल घेते.’ ठरावाच्या विरोधात एकच मत पडलं. ते अध्यक्षांचं होतं. हात वर केला तो त्यांनी शेवटपर्यंत वर ठेवला. मत मागे घेणं त्यांना जमलं म्हणून मीच एवढा खूश झालो की घाईत त्यांचं मत ठरावाच्या बाजूने मोजलं. मग खाडाखोड केली आणि शेजारी आद्याक्षरी केली.

त्याच बैठकीत त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मीटरवाल्या बाईंना ती जागा देऊ केली, तर त्यांनी ‘मला अजून पुढची गल्ली करायचीय’ म्हणून सांगितलं. झेरॉक्सवाल्याने प्रती किती काढू तेवढं विचारलं. त्यामुळे पद रिकामं आहे, आणि त्यासाठी योग्य व्यक्तीचा शोध सुरू आहे.

अट एकच. उमेदवाराने साप ओळखण्यावर कुठेतरी थोडंफार वाचलेलं असावं, आणि तेवढ्यावर त्याला आत्मविश्वास आलेला असावा. आपण हे इथपर्यंत वाचलंत. लठ्ठ अंग, साखळीसारखे डाग, कुकरसारखा आवाज म्हणजे घोणस, हे आता आपल्याला पक्कं झालं आहे. कुणी विचारलंच तर आपण सांगालही. तेव्हा आपल्या अंगणात असं काही बसलेलं दिसलं, तर डाग साखळीसारखे आहेत की फाटक्या कागदासारखे, ते जरा नीट वाकून बघा. मग अर्ज करा. अर्ज डाव्या हाताने लिहिलेला असला तरी चालेल.